कल मनाचा, माप आकड्यांचे

आपला लैंगिक कल कोणता, हे पाच मिनिटांत सांगण्याचा दावा करणाऱ्या प्रश्नमंजूषा सध्या मोबाइलवर ढिगाने सापडतात. दहा-पंधरा प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय. आवडता रंग कोणता, सिनेमा पाहताना नजर नायकाकडे जाते की नायिकेकडे, जवळच्या मित्राने खांद्यावर हात ठेवला तर काय वाटते, कपाटातले कपडे नीट लावलेले असतात का! शेवटचे उत्तर दिले की पडद्यावर एक चक्र फिरते आणि निकाल लागतो : तुम्ही इतके टक्के अमुक आणि इतके टक्के तमुक.

पूर्वी साप्ताहिकांत 'तुमचा संसार किती सुखाचा?' अशा धर्तीच्या चौकटी येत. गुणांची बेरीज करून नवरा-बायको हसत आणि पान उलटीत. हाही त्याच जातीचा प्रकार म्हणून सोडून देता आला असता. पण ही चाचणी चोरून देणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची मुलेही असतात. घरात हा प्रश्न काढण्याची सोय नाही, शाळेत तर नाहीच. मित्रांमध्ये काढावा तर उद्या तेच टोपणनाव पडण्याची भीती. अशा मुलाला किंवा मुलीला तो टक्केवारीचा आकडा गंमत वाटत नाही. तो निदानासारखा वाटतो. शिवाय घरात कोणालाही न दिलेली उत्तरे त्याने कुठल्याशा अनोळखी कंपनीच्या स्वाधीन केलेली असतात, ती गोष्ट वेगळीच.

यांतल्या बऱ्याच प्रश्नमंजूषांना 'किन्सी टेस्ट' असे भारदस्त नाव असते. शास्त्रज्ञाचे नाव लागले की निकालाला वजन येते. वस्तुस्थिती अशी की किन्सी यांनी अशी कोणतीही चाचणी कधी तयार केली नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात त्यांच्या नावाने चालणारी संस्थाही हेच सांगते. त्यांनी केली ती एक मोजपट्टी. ती कशासाठी केली आणि पुढे तिचे काय झाले, ही हकिगत मुळातून पाहण्यासारखी आहे.

डॉ. आल्फ्रेड किन्सी मूळचे कीटकशास्त्रज्ञ. ओकच्या झाडांवर गाठी निर्माण करणाऱ्या एका चिमुकल्या माशीच्या अभ्यासात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आणि लाखो नमुने गोळा केले. टाचणीला टोचलेल्या त्या माश्यांची मापे घेता घेता त्यांच्या मनावर एक गोष्ट ठसली. निसर्गात एकासारखा दुसरा जीव नसतो आणि एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो ती रेघ पुष्कळदा आपणच ओढलेली असते. १९३८ साली विद्यापीठातला विवाहविषयक अभ्यासक्रम त्यांच्याकडे आला. विद्यार्थी जे विचारीत त्याची उत्तरे पुस्तकांत नव्हती. होता तो उपदेश. मग ज्या चिकाटीने माश्या गोळा केल्या त्याच चिकाटीने किन्सी माणसांचे लैंगिक वृत्तांत गोळा करू लागले. १९४८ मध्ये सुमारे ५,३०० पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ आला आणि १९५३ मध्ये ५,९४० स्त्रियांवरचा. (आपल्याकडे र. धों. कर्वे यांचे सव्वीस वर्षे चाललेले 'समाजस्वास्थ्य' त्याच १९५३ साली, त्यांच्या निधनाबरोबर थांबले. लैंगिक विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची किंमत दोघांनीही मोजली.)

पहिल्या ग्रंथात ती प्रसिद्ध पट्टी आहे. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी, सहा म्हणजे केवळ समलिंगी, तीन म्हणजे दोन्हीकडे सारखेच. बाकीचे आकडे अधल्यामधल्या छटांचे. ज्यांच्या बाबतीत असा संबंध किंवा प्रतिसाद आढळलाच नाही, त्यांच्यासाठी 'एक्स' हे अक्षर. आज जे स्वतःला अलैंगिक म्हणवतात त्यांना या पट्टीवर जागाच नाही, पट्टीबाहेर एक अक्षर तेवढे आहे.

आता यातल्या दोन गोष्टी प्रश्नमंजूषावाले सांगत नाहीत. पहिली अशी की आकडा माणूस स्वतः भरीत नसे. समोरासमोर बसून, शेकडो प्रश्न विचारून झाल्यावर मुलाखत घेणारा तो ठरवी. दुसरी अधिक महत्त्वाची. हा आकडा माणसाच्या आयुष्यातल्या एका कालखंडाचा होता. विसाव्या वर्षी एक आणि चाळिसाव्या वर्षी दुसरा, असे होऊ शकत होते. 'समलिंगी' हा शब्द कृतीला लावावा, माणसाला नव्हे, असाच किन्सी यांचा आग्रह होता. दोन बंद खोल्यांमधली भिंत पाडण्यासाठी त्यांनी पट्टी आणली आणि जगाने तिच्यावर भिंती उभारून सात खोल्या केल्या.

पट्टीत मुळात काय मावत नाही, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, चाळिशीचे एक गृहस्थ आहेत. रीतसर लग्न, दोन मुले, संसारात कुरकुर नाही. आयुष्यात परपुरुषाला त्यांनी स्पर्शही केलेला नाही. पण कळत्या वयापासून मनात ओढ आहे ती पुरुषांचीच, आणि ती त्यांनी कोणाला सांगितलेली नाही. आचरण पाहिले तर त्यांचा आकडा शून्य, मनात डोकावले तर सहा. किन्सींची पद्धत कृती आणि मनातला प्रतिसाद या दोन्हींचा एकत्र विचार करून एकच आकडा काढी, म्हणजे या गृहस्थांना मधला कुठला तरी आकडा मिळाला असता. तो त्यांच्या संसाराबद्दलही खरे बोलत नाही आणि मनाबद्दलही नाही. वयात आल्याबरोबर लग्न ठरवणाऱ्या आपल्या समाजात असे गृहस्थ, आणि अशा गृहिणी, ही काही दुर्मीळ उदाहरणे नव्हेत.

दुसरी अडचण पट्टीच्या आकाराचीच आहे. ती लहान मुलांच्या सीसॉसारखी आहे. एक टोक वर गेले की दुसरे खाली गेलेच पाहिजे. पण चहाची आवड वाढली म्हणून कॉफीची घटते असे थोडेच आहे? एखाद्याला दोन्ही मनापासून आवडतात, एखाद्याला दोन्हींचे फारसे काही नसते. पट्टीवर मात्र हे दोघेही मध्येच जाऊन बसण्याची शक्यता. मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आणि एका रेघेऐवजी दोन स्वतंत्र मापे सुचवली.

त्याआधी, १९७८ साली, फ्रिट्झ क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने पट्टी सोडून तक्ताच केला होता. आकर्षण, आचरण, कल्पनाविश्व, भावनिक जवळीक, सामाजिक ऊठबस, राहणी आणि स्वतःची ओळख अशा सात ओळी. प्रत्येकीपुढे पूर्वी, सध्या आणि 'असावे असे वाटते' असे तीन रकाने. एकूण एकवीस आकडे. तक्ता प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण एकवीस आकड्यांचे करायचे काय? सरासरी काढली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि सातवी ओळ पाहा : तुम्ही स्वतःला काय म्हणवता? इतका खटाटोप करून तक्ता अखेर माणसालाच विचारतो.

संशोधकांना हे उमगले आहे. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९२ साली ३,४३२ अमेरिकनांची पाहणी केली. तिच्यात ओढ, आचरण आणि स्वतःची ओळख हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले गेले. एकाला 'होय' म्हणणारे दुसऱ्याला 'होय' म्हणतीलच असे नाही, तिन्हींना 'होय' म्हणणारे त्यांतले थोडेच, हे तिथे स्पष्ट दिसले. आपल्याकडच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमालाही हाच अनुभव आला. 'समलिंगी' या शब्दाने हाक मारली तर ओ देणारे मोजकेच असतात. म्हणून तिथे 'पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष' अशी लांबलचक, पण नेमकी संज्ञा वापरावी लागते. त्यात विवाहितही येतात, आणि 'आम्ही त्यातले नव्हे' असे छातीठोकपणे सांगणारेही.

आता टक्केवारीकडे वळू, कारण या आकड्यांवरून पुढे राजकारणही झाले. दहा टक्के लोक समलिंगी असतात हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असेल. त्याचे मूळ किन्सींच्या पहिल्या ग्रंथात आहे, पण तिथे म्हटले होते ते वेगळे : सोळा ते पंचावन्न या वयात किमान तीन वर्षे जवळजवळ केवळ समलिंगी जीवन जगलेले गोरे अमेरिकन पुरुष दहा टक्के, आयुष्यभर तसेच राहिलेले चार टक्के. त्यातही नमुना सर्वसामान्य जनतेतून काढलेला नव्हता. तुरुंगातले कैदी त्यात बरेच होते. अमेरिकेतल्या नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ साली त्यातले दोष दाखवून दिले. शिकागोच्या पाहणीत स्वतःची तशी ओळख सांगणारे पुरुष २.८ टक्के आणि स्त्रिया १.४ टक्के निघाल्या. मग खरा आकडा कोणता? प्रश्न काय विचारला यावर ते अवलंबून आहे, आणि प्रश्न कोणासमोर, कोणत्या काळात विचारला यावरही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील नागरिकांना प्रथमच हा प्रश्न विचारण्यात आला. उत्तर ऐच्छिक होते. भिन्नलिंगी नसल्याचे ३.२ टक्के लोकांनी सांगितले. उत्तरच न देणारे होते ७.५ टक्के.

आपल्याकडे २०१२ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला समलिंगी पुरुषांची संख्या सुमारे २५ लाख असल्याचे सांगितले. हा आकडा एड्सच्या धोक्याच्या हिशेबातून आलेला होता. म्हणजे त्यात स्त्रिया नाहीत, आमचे ते चाळिशीचे गृहस्थ तर नाहीतच. ११ डिसेंबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने हा समाज अत्यल्प असल्याचा उल्लेख केला आणि कलम ३७७ कायम ठेवले. संख्या किती यावर हक्क ठरत नाहीत, हे त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये खासगीपणाच्या निकालात सांगितले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम गेले. टक्केवारीची भांडणे चालू असताना मधली पाच वर्षे माणसे गुन्हेगार ठरून जगली.

पण आकडा चुकण्यापेक्षाही भयंकर गोष्ट म्हणजे आकडा लावण्याचा अधिकार सरकारी टेबलामागे बसलेल्याच्या हाती जाणे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४० च्या दशकात तयार झालेल्या एका जगप्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणीत 'पुरुषत्व-स्त्रीत्व' नावाचे एक माप होते. समलिंगी पुरुष ओळखणे हा त्याचा मूळ हेतू. ते ज्यांच्यावरून बेतले तो गट अवघ्या तेरा पुरुषांचा! फुलांचे दुकान चालवायला आवडेल का, अशा धर्तीची विधाने त्यात होती. मोबाइलवरच्या त्या कपाटाच्या प्रश्नाचे हे आजोबा. कॅनडाच्या सरकारने १९६० च्या दशकात याच्यापुढची पायरी गाठली. सरकारी नोकरांतले समलिंगी हुडकण्यासाठी चित्रे दाखवून डोळ्यांच्या बाहुल्या मोजणारे यंत्र करण्याचा घाट घातला गेला. यंत्र चालले नाही, १९६७ साली प्रयोग गुंडाळला. नोकऱ्या मात्र अनेकांच्या गेल्या. पंतप्रधान ट्रूडो यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली ती २०१७ साली.

कॅनडात यंत्राची जुळवाजुळव सुरू होण्यापूर्वीच कॅलिफोर्नियात एव्हलिन हूकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या साऱ्या खटाटोपाखालची जमीन काढून घेतली होती. एका माजी विद्यार्थ्याने त्यांना आग्रह केला होता की आमच्यासारख्यांचा अभ्यास करा, पण रुग्णालयात किंवा तुरुंगात नव्हे, रोजच्या जगण्यात करा. हूकरबाईंनी तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुष निवडले, वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक जुळवून. शाईच्या डागांत काय दिसते हे विचारणारी रोर्शाक चाचणी आणि आणखी दोन चाचण्या त्यांना दिल्या, आणि नावे झाकून उत्तरे नाणावलेल्या तज्ज्ञांपुढे ठेवली. यांतले समलिंगी कोणते ते ओळखा. तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९५७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. समलैंगिकता हा मनोविकार नव्हे हे अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ साली मान्य केले, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता.

इतके होऊनही हेच शाईचे डाग पुढे हंगेरीत एका माणसाच्या नशिबाआड आले. २०१५ च्या एप्रिलमध्ये एका नायजेरियन तरुणाने तिथे आश्रय मागितला. मी समलिंगी आहे, मायदेशी मला धोका आहे, असे त्याचे म्हणणे. धोका काल्पनिक नव्हता. नायजेरियात २०१४ च्या कायद्याने समलिंगी विवाहाला चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच्या सांगण्यात अधिकाऱ्यांना विसंगती आढळली नाही. तरी त्यांनी त्याला मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले. तिथे रोर्शाक झाली. पावसातला माणूस काढायला लावला. मनोरुग्णांची छायाचित्रे दाखवून त्यांतली आवडती-नावडती निवडायला लावणारी, १९३० च्या दशकातली सोंडी चाचणीही झाली. निष्कर्ष : हा समलिंगी असल्याचे सिद्ध होत नाही. अर्ज फेटाळला.

प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले. आश्रय मागणाऱ्याची शारीरिक चाचणी घ्यायची नाही, शय्यागृहातले तपशील विचारायचे नाहीत, आणि समलिंगी माणूस असाच असतो अशा ठोकळेबाज समजुतींवर तेवढा निर्णय द्यायचा नाही, हे या न्यायालयाने २ डिसेंबर २०१४ रोजी नेदरलँड्सच्या एका खटल्यात सांगितलेलेच होते. २५ जानेवारी २०१८ रोजी त्याने हंगेरीला बजावले की अशा चाचण्यांवरून एखाद्याचा लैंगिक कल ठरवता येणार नाही. माणूस या चाचणीला हो म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. सरकारने बोलणे ऐकावे, सुसंगती पाहावी, उलटसुलट विचारावे, खोटे वाटले तर कारणे द्यावीत. पण माणसाचे तोंड बंद करून त्याच्या वतीने डागांना बोलायला लावू नये.

यावर कोणी म्हणेल, जुन्या चाचण्या भोंगळ होत्या, आता संगणक आला आहे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या दोघा संशोधकांनी तसा दावा केलाही. डेटिंगच्या संकेतस्थळावरचे फोटो दाखवले, तर एक समलिंगी आणि एक भिन्नलिंगी अशा दोन पुरुषांपैकी समलिंगी कोण हे त्यांचा संगणक शंभरात ८१ वेळा बरोबर सांगत होता. ऐकायला जबरदस्त वाटते. पण जोडीतला एक तसा आहे हे आधीच ठाऊक असणे वेगळे आणि भर वर्गातून निवडून काढणे वेगळे. जरा अंकगणित करून पाहा. याहून सरस, शंभरात नव्वद वेळा अचूक अशी चाचणी आहे असे समजू. एक हजार मुले आहेत आणि त्यांत तीस समलिंगी आहेत असेही धरू. चाचणी त्या तिसांपैकी सत्तावीस ओळखेल. उरलेल्या ९७० पैकी ९७ जणांवर चुकीचा शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेल्या १२४ मुलांपैकी ९७ तसे नाहीतच. इतकी अचूक चाचणी अस्तित्वात नाही, ही गोष्ट तर सोडाच. आवडत्या रंगावरून निकाल देणाऱ्या प्रश्नमंजूषेची काय कथा!

मुलाच्या मोबाइलमध्ये अशी एखादी चाचणी आईवडिलांच्या नजरेस पडली की दुसराच प्रकार सुरू होतो. 'एकदा तपासून तरी घेऊ' म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेले जाते. तपासायचे काय? रक्तात दिसत नाही, क्ष-किरणांत दिसत नाही. जो डॉक्टर 'तपासतो' म्हणतो तो बऱ्याचदा पुढे 'बरे करतो' असेही म्हणतो, आणि तिथून पुढची वाट फार वाईट आहे. गोळ्या, विजेचे झटके, घाईने ठरवलेली लग्ने. अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ते मद्रास उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणामुळे. मदुराईहून दोन तरुणी एकमेकींसोबत राहण्यासाठी चेन्नईला निघून आल्या होत्या, पालकांनी पोलिसांत तक्रार दिली होती, आणि तरुणींनी संरक्षणासाठी न्यायालयाचे दार ठोठावले होते. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी तरुणी आणि पालक दोघांचेही समुपदेशकाकडून म्हणणे ऐकवले. मग त्यांनी आदेशातच लिहून टाकले की हा विषय मला स्वतःलाच नीट उमगलेला नाही. त्या मुलींची कसली चाचणी घ्यायला त्यांनी सांगितले नाही. समजावून घेण्यासाठी ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर जाऊन बसले, आणि त्यानंतर, जून २०२१ मध्ये, त्यांनी निकाल दिला.